रंगाचे पाणी आणि उसाचे चिपाड



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे व आमच्यासारख्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे असा शिरस्ता चालत आला आहे. तो आज मोडला याचा दोष चालकांकडे जातो. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या आवारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा रसायनशास्त्रात कोठे चूक झाली तर सभागृहात बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी ती सभा संपण्याची वाट न पाहता दुरुस्त करावी.

आम्ही इचलकरंजीचे, म्हणजे तुमच्या वरच्या अंगाचे. पंचगंगा आमच्याजवळून वाहते, पुढे तुमच्याकडे येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. आमच्या हातून निसटलेला रंग तुमच्या शिवारात येतो. म्हणून आजचे आमचे बोलणे हे व्याख्यान कमी आणि जबाब जास्त असे समजा. नदीचे सगळे पाप रंगाच्या माथी मारू नये हेही खरे. शहरांचे सांडपाणी आणि साखर कारखान्यांची मळी यांचा वाटा मोठा आहे. पण ते दिसत नाही आणि रंग दिसतो. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत चमचाभरही नव्हे इतका रंग पडला, तरी पाण्याकडे पाहणाराला तो कळतो. रंग हा चोरी करताना घुंगरू वाजवणारा चोर आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी आम्ही एका रंगखात्यात जिगरवर लागलो. जिगर म्हणजे दोन रूळ. त्यांच्यामध्ये रंगाची टाकी आणि या रुळावरून त्या रुळावर सारखे फिरणारे कापड. हातमोजे नावाची वस्तू असते हे तेव्हा ठाऊक नव्हते. घरी जेवायला बसले की आई आमच्या हाताकडे पाहून म्हणे, "आज हिरवा होता वाटतं." राखेने घासले, लिंबाने घासले, तरी नखांच्या कडेला तो राहायचाच. पाळी सुटल्यावर टाकीचे बूच काढून द्यायचे आणि ते पाणी कोठे जाते याचा विचार करायचा नाही. ते ओढ्यात जात असे. आमच्या गावच्या त्या ओढ्याला लोक काळा ओढा म्हणतात. हे नाव कोणी ठराव करून दिलेले नाही.

आता ती गोष्ट सांगतो जी सांगायला आम्हांला संकोच वाटतो. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडील एका रंगखात्याला सांडपाण्यावरून बंदची नोटीस आली. दीडशे माणसांची रोजी थांबली. आम्ही मोर्चा काढला. घोषणा आम्हीच दिली, की आधी पोटाला भाकरी, मग नदी. मोर्चा संपल्यावर खालच्या अंगाच्या एका गावचा शेतकरी कचेरीत आला. भांडायला आला नव्हता. त्याने एक बाटली टेबलावर ठेवली. विहिरीचे पाणी होते, फिकट चहासारखे. तो म्हणाला, "साहेब, माझा भाऊ तुमच्याच मोर्चात होता. तो तुमच्याकडं कामाला आणि मी हे पाणी पाजतो जनावरांस्नी." एवढे बोलून तो गेला, बाटली राहिली. ती वर्षभर आमच्या कपाटावर होती. पाहुणे आले की आम्ही ती वर्तमानपत्राच्या आड सारीत असू.

त्या बाटलीमुळे आम्ही या विषयाच्या नादी लागलो. कारखाना चालला पाहिजे आणि पाणी स्वच्छ सुटले पाहिजे, असा मार्ग आहे काय? मालक म्हणे, आहे, पण परवडत नाही. चांगला सक्रिय कोळसा महाग पडतो. मग आमच्या वाचनात आले की तोच उद्योग उसाचे चिपाड, भाताचे तूस, शेंगांची टरफले, नारळाचे सोडण, लाकडाचा भुसा यांच्याकडून करून घेता येतो. जगभर यावर शेकड्यांनी निबंध निघाले आहेत. आम्हांला हर्ष झाला. ज्या नदीच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा आहे तिचे औषध तिच्या काठावरच निघावे, याहून सोईचे काय?

हे औषध चालते कसे ते आधी पाहू. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे लोव्हित्झ नावाचा एक औषधविक्या होता. १७८५ साली त्याच्या असे ध्यानात आले की तपकिरी झालेल्या द्रवात लाकडी कोळसा घातला तर द्रव निवळतो. पुढे साखरवाल्यांनी ही युक्ती उचलली आणि हाडांच्या कोळशातून पाक गाळून पांढरी साखर काढली. रंग कोळशात विरघळत नाही, जळत नाही, नाहीसाही होत नाही. तो कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. पाठ्यपुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. शोषण हा शब्द आम्ही जन्मभर दुसऱ्याच अर्थाने वापरला. हा 'अधि' मागे लागलेला प्रकार मात्र परोपकारी निघाला. स्पंज पाणी पितो ते शोषण. भिंतीला धूळ चिकटते ते अधिशोषण.

भिंत जितकी मोठी तितकी धूळ अधिक. कोळशात डोळ्यांना न दिसणारी इतकी भोके व बोळ असतात की चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमची आतली जमीन मोजली तर ती हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. आपल्या हिशेबाने दहा गुंठे. चिमूटभर कोळशात दहा गुंठे! आमच्या बापाजवळ उभ्या जन्मात एवढी नव्हती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे गुऱ्हाळात गुळव्या काहिलीत भेंडीचे पाणी टाकतो आणि मळी वर आली की काढतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, निवळीचे बी घासतात. कोणी म्हणेल, आमच्या आजीला हे ठाऊकच होते. ते वेगळे. तेथे तरंगणारा गाळ एकत्र गोळा होतो. रंग हा गाळ नव्हे. तो मिठासारखा विरघळलेला असतो आणि नुसत्या निवळीने सुटत नाही.

आमच्या एका जॉबरची मुलगी एम्. एस्सी. ला होती. तिचा विषयच हा होता. तिने आम्हांला प्रयोगशाळेत नेले. काचेच्या भांड्यात गर्द निळे पाणी होते. त्यात धुऊन वाळवून बारीक केलेले चिपाड टाकले आणि ढवळत ठेवले. तासाभराने गाळले तेव्हा पाणी इतके स्वच्छ निघाले की आमच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही तेथल्या तेथे ठरविले, की मालकांच्या सभेत हे भांडे नेऊन आपटायचे. म्हणजे, ठेवायचे.

सुदैवाने त्यापूर्वी आम्ही एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी रंगखात्याच्या गटारातून एक डबा लाल पाणी भरून तिच्याकडे नेले. तेच चिपाड, तेच ढवळणे, तितकाच वेळ. गाळून पाहतो तर पाणी लालच. थोडे फिकट म्हणावे तर आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना तेवढे दिसतेच. मुलगी ओशाळली, आम्ही चिडलो. कारण समजायला पुढे दोन महिने लागले. आज येथे आम्ही जे सांगायला आलो आहोत ते हेच कारण आहे.

प्रयोगशाळेतले निळे पाणी म्हणजे मिथिलिन ब्ल्यू. डॉक्टर लोक जंतू रंगवून पाहायला तो वापरतात आणि कोळशाची ताकद मोजायलाही वापरतात. स्वस्त, सोपा, हाताळायला बरा, म्हणून पुष्कळसे निबंध त्याच्यावरच लिहिले जातात. या रंगाच्या कणावर धन विद्युत्भार असतो. चिपाडाचा पृष्ठभाग पाण्यात ऋण भाराचा असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून रंग चिपाडाला मिठी मारतो.

पण सुताच्या गावात गटारातून वाहतो तो रंग या जातीचा नाही. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने क्विनीन करता करता डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, इंग्लंडच्या आय्. सी. आय्. कंपनीने असे रंग बाजारात आणले की जे सुतावर नुसते बसत नाहीत, त्याच्याशी रासायनिक गाठ मारतात. यांनाच आमच्याकडे रिअॅक्टिव्ह म्हणतात. तुमच्या अंगावरचा सुती सदरा धुऊन फिका पडत नाही तो यांच्यामुळे. हे रंग ऋण भाराचे. आणि सूतही पाण्यात ऋण भाराचे. ऋण ऋणाला झिडकारते. म्हणून रंगारी टाकीत मीठ ओततो. गडद छटा हवी असेल तर लिटरला पन्नास-साठ ग्रॅम, कधी त्याहून अधिक. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीसच्या आसपास असते. म्हणजे आमची जिगर समुद्राहून खारट! मिठाने ते भांडण तात्पुरते मिटते, रंग सुताजवळ जातो, मग सोडा टाकून गाठ पक्की करतात. इतके आर्जव करूनही शंभरातील साठ ते नव्वद भागच कापडाला लागतात. बाकीच्यांनी तोवर पाण्याशीच लगीन लावलेले असते. ते पुन्हा सुताकडे वळत नाहीत.

आता बघा. सूत म्हणजे सेल्युलोज आणि चिपाडाचाही मोठा भाग सेल्युलोजच. गटारात जो रंग उरला तो सुताने इतके मीठ-सोडा खाऊन नाकारलेला रंग आहे. तोच आपण सुताच्या चुलतभावापुढे ठेवतो आणि म्हणतो, तू तरी घे. तो कशाला घेईल? आम्ही दहा वर्षे जिगरवर मीठ ओतले. मीठ का ओततो हे एकदा जरी विचारले असते तर ही फजिती टळली असती. पण कामगाराने 'का' विचारू नये अशी तेव्हाची शिस्त होती.

याचा अर्थ चिपाड निरुपयोगी असा नव्हे. उपाय आहेत. पाणी चांगले आंबट करावे, म्हणजे चिपाडाचा ऋण भार जातो व रंग बसतो. पण रंगखात्याचे पाणी सोड्याने तिखट झालेले असते. ते आंबट करायला आम्ल लागते, पुन्हा सोडताना आम्ल मारायला चुना लागतो आणि पाण्यातला क्षार वाढतच जातो. दुसरा उपाय, चिपाडावर रसायनांची क्रिया करून त्याला धन भार द्यावा. हे उत्तम चालते, पण मग ते फुकटचे चिपाड राहत नाही. तिसरा उपाय, चिपाडाचा सक्रिय कोळसा करावा. हाही चालतो.

किंमत धरून हिशेब मांडू. आकडे आमचे, अंदाजाचे, समजण्यापुरते घ्या. एक लहान रंगखाते दिवसाला एक लाख लिटर पाणी सोडते आणि त्यात लिटरला शंभर मिलिग्रॅम रंग आहे असे धरू. म्हणजे रोज दहा किलो रंग. एक ग्रॅम कच्च्या चिपाडाने दहा मिलिग्रॅम रंग धरला तर रोज एक टन चिपाड लागेल. भिजल्यावर ते तीन-चार टन भरेल. चांगला कोळसा असेल आणि ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम धरील, तर शंभर किलोत भागेल. पण तेवढा कोळसा करायला त्याच्या तिप्पट-चौपट कोरडे चिपाड आणि भट्टी लागेल.

शिवाय चिपाड फुकट आहे हे सांगितले कोणी? निबंध लिहिणारे 'शेतीतील कचरा' असा शब्द घालतात तेव्हा आम्हांला हसू येते. साखर कारखाना चिपाडावर बॉयलर चालवतो, वीज करून विकतो. कागदवालाही ते मागतो. गुऱ्हाळवाला त्याच्यावरच काहील तापवतो. विदर्भातली पऱ्हाटी आणि तुरकाट्या म्हणजे गरिबाची चूल. कडबा तर कचरा म्हणण्याची सोयच नाही, म्हैस ऐकेल. शेतकऱ्याच्या घरात कचरा फार थोडा असतो.

खरोखरीचा कचरा म्हणावा अशी एक वस्तू आमच्या भागात आहे. चिपाड जाळल्यावर कारखान्याच्या धुराड्यातून जी काळी राख निघते ती. गळिताच्या दिवसांत ती दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर पडते. बायका काय शिव्या देतात ते येथे सांगत नाही. या राखेत अर्धवट जळालेला कोळसा असतो, म्हणजे अर्धे काम बॉयलरने करून ठेवलेले असते. रुरकी येथील संशोधकांनी या राखेवर बरेच काम केले आहे. निरनिराळ्या जातींचे रंग ती धरते असे त्यांना आढळले. महागड्या कोळशाइतकी नाही, पण कच्च्या चिपाडाहून बरी. आमच्या मुलीने आमचे लाल पाणी या राखेतून काढले तेव्हा ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उतरले.

मग अडले कोठे? दोन ठिकाणी. पहिले म्हणजे मीठ. राख रंग धरते, मीठ धरीत नाही. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी तितकेच खारट राहते. तामिळनाडूत तिरुपूरला हाच धडा फार महाग पडला. तेथे नॉय्यल नदीवर ओरत्तुपाळयमचे धरण शेतीसाठी बांधले आणि ते १९९२ साली पुरे झाले. त्यात रंगखात्यांचे खारे पाणी साठले. ते शेतात नको असे शेतकरीच म्हणू लागले. ज्या धरणाने जमीन भिजवायची त्याच्या विरुद्ध शेतकऱ्याला कोर्टात जावे लागले. शेवटी मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील सगळी रंगखाती बंद करण्याचा हुकूम दिला. शेकडो कारखाने एकदम थांबले आणि हजारो कामगार बोचके बांधून गावी गेले. त्यानंतर तेथे पाणी बारीक पडद्यातून दाबून काढणे, उरलेले आटवणे आणि मीठ परत वापरणे असा खर्चाचा मार्ग धरावा लागला. या साखळीत राखेला जागा आहे, आधीच्या पायरीवर, पडद्यावरचा भार हलका करण्यासाठी. ती एकटीच नदी धुऊन देईल असे जो सांगेल त्याला दारात उभे करू नका, मग तो मालकांचा माणूस असो की आमच्या युनियनचा.

दुसरी अडचण आम्हांला अधिक जवळची आहे. रंग नाहीसा झाला नाही, राखेत गेला. ती ओली, रंगाने भरलेली राख कोणी उचलायची आणि कोठे टाकायची? उकिरड्यावर टाकली तर पहिल्या पावसात रंग पुन्हा ओढ्यात. जाळली तर काही रंगांत तांबे असते, ते जळत नाही, राखेत राहते. काही अझो रंग फुटून जी द्रव्ये होतात ती फार वाईट. फ्रँकफुर्टचा शस्त्रवैद्य लुडविग रेह्न याने १८९५ सालीच सांगितले होते, की रंग बनविण्याच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो. एकाच कामातले तीन रुग्ण त्याच्यापुढे आले तेव्हा त्याला हे सुचले. आपल्या सरकारने अशा सत्तर अझो रंगांना बंदी घातली ती १९९७ साली. मध्ये गेली एकशे दोन वर्षे. कामगाराच्या मुतखान्यातली बातमी कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचायला इतका वेळ लागतो.

२०१९ च्या हिवाळ्यात एका लहान रंगखात्याचा मालक आमच्या नादी लागला. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हे. त्याच्या मागल्या अंगणात आम्ही तीन पिंपे एकावर एक मांडली. आत धुतलेली राख, खाली खडी. गटाराचा थोडासा भागच त्यातून काढायचा. पहिले दहा दिवस पाणी गवताच्या चहाइतके फिके येत होते. लोक पाहायला यायचे. मालक स्वतः बाटली भरून पाहुण्यांना दाखवू लागला. बाराव्या दिवशी खालच्या नळाला गुलाबी झाक आली. जॉबरची मुलगी म्हणाली, पोट भरले, आता राख बदलली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर पिंपे रिकामी झालेली होती. मागल्या भिंतीशी कंत्राटाकडचा एक पोरगा बसला होता. पायात काही नाही, हात कोपरापर्यंत लाल. हाताने उपसली होती. राख कोठे टाकली विचारले तर त्याने ओढ्याकडे बोट दाखविले. नाव विचारले. हजेरीपुस्तक मागवून पाहिले तर त्यात त्याचे नाव नव्हते.

ते नाव पुस्तकात चढवायला आम्हांला तीन आठवडे लागले. हातमोजे, गमबूट आणि राखेसाठी पक्क्या तळाचा बंद हौद, एवढ्या तीन गोष्टी मालकाकडून लिहून घ्यायला आणखी दोन महिने. हौद झाल्यावर मगच पिंपे पुन्हा भरली. मधल्या काळात आमच्याच काही मंडळींनी विचारले, रंगाच्या पाण्याचे काम सोडून तुम्ही हजेरीपुस्तकाच्या मागे का लागलात? त्यांना आम्ही त्या पोराचा हात दाखवला. तोवर लाल उतरला होता, पण नखांच्या कडेला होता.